जीर्णोद्धार, विसर्जन आणि ठोकणारे इंजिन

जीर्ण झालेली वस्तू पुन्हा उभी करावी की तिला निरोप देऊन तिच्या जागी दुसरी आणावी, हा प्रश्न धर्मशास्त्राने देवालये, मूर्ती, विहिरी आणि तलाव यांच्या संदर्भात फार पूर्वीपासून विचारात घेतला आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र तो दुरुस्तीचा खर्च आणि नव्याची किंमत यांच्या वजाबाकीवर सोपवला जातो. ही वजाबाकी आवश्यक असली तरी पुरेशी नाही, कारण वस्तू कोणत्या कामासाठी ठेवली आहे आणि ती ऐनवेळी बंद पडली तर त्याचा भुर्दंड कोणाला पडणार, या दोन गोष्टी तिच्यात कुठेच येत नाहीत. बोटीचे ठोकणारे इंजिन बांधून घ्यावे की भंगारात काढावे, हे वरवर कारखान्याच्या ओट्यावरचे प्रकरण घेतले, तर न्याय, बौद्ध व जैन ही तीन दर्शने आणि जीर्णोद्धाराचा विधी त्याविषयी काय सांगू शकतात, हे तपासता येते.

या विवेचनासाठी जुना जालना ही जागा योग्य ठरते. कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना आणि दुसऱ्या काठावर कादराबाद म्हणजे नवा जालना, अशी या शहराची जुनी वाटणी आहे. जुन्या जालन्यात आनंदी स्वामींचे मंदिर असून ते महादजी शिंद्यांनी बांधल्याचे सांगितले जाते व आषाढी एकादशीला तेथे यात्रा भरते. शहरातील मोती तलाव जमशेदखानाने बांधला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी वस्तीत खेळवले. त्याच तलावात गणेशमूर्तींचे विसर्जन होते. औद्योगिक वसाहतीत बाहेरून आलेले लोखंडी भंगार विजेच्या भट्ट्यांत वितळवून त्याच्या सळ्या ओढल्या जातात आणि त्या धंद्यामुळे जालना पोलादाचे शहर म्हणून ओळखले जाते. जपणूक, विसर्जन आणि वितळण या जीर्ण वस्तूच्या तिन्ही गती ज्या शहराच्या रोजच्या व्यवहारात आहेत, तेथे राखावे की टाकावे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

प्रत्यक्ष जालना शहरात बोटीचे काम क्वचितच पडते. परंतु जिल्ह्याच्या दक्षिणेस अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके गोदावरीच्या काठाला लागून आहेत आणि वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये या धरणातून सोडलेले पाणी पैठण शहरात शिरले, तेव्हा कोरडवाहू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यालाही बोटी लागतात, हे सर्वांना दिसले. अशा प्रसंगी शोध व बचाव पथके रबरी किंवा फायबरच्या बोटी पाण्यात घालतात. या बोटींच्या मागच्या फळीला सुटे इंजिन शिकंज्याने आवळलेले असते. त्याचे डोके वर राहते, उभा दांडा खाली जातो आणि टोकाचा पंखा पाण्यात फिरतो. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराचे असे इंजिन हंगामभर चालत राहते, तर गोदाकाठच्या बचावबोटीचे इंजिन वर्षातील बहुतेक महिने गोदामात उभे असते, आणि त्याचे आजार बरेचसे या उभे राहण्यातूनच निर्माण होतात.

हे आजार कसे जडतात, ते थोडे जवळून पाहिले पाहिजे. टाकीत पडून राहिलेले पेट्रोल उडून जाताना मागे चिकट राळ सोडते आणि ती कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत, म्हणजे जेटमध्ये, बसते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील दमटपणा ओढून घेते व पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी यांचा थर तळाशी वेगळा होतो. ज्या दोन स्ट्रोकच्या इंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच कालवलेले असते, तेथे तेल वरच्या थरात राहते आणि तळातून ओढणारी नळी नेमके तेलाविना द्रव इंजिनाला पाजते. जेट अर्धवट तुंबले असले तरी परिणाम तसाच होतो, कारण पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. हवेच्या मानाने इंधन कमी पडलेले असे मिश्रण जास्त तापते, वेळेआधी किंवा एकदम स्फोट पावते आणि पिस्टनच्या माथ्यावर घाव बसू लागतात. त्यात भर म्हणून तपासणीच्या दिवशी बोट पाण्यात न उतरवता इंजिन कोरडेच सुरू करून पाहिले जाते. गार पाणी फिरवणाऱ्या पंपातील रबरी पाती तेवढ्या वेळातही जळू शकतात, आणि खऱ्या पुरात ते इंजिन तापते. यंत्राची काळजी घेतल्याची नोंद करण्यासाठी केलेली कृतीच त्याला मारक ठरू शकते.

इंजिन ठोकू लागले, म्हणजे त्यातून खटखट असा ठराविक तालाचा धातूचा आवाज येऊ लागला, की पहिला प्रश्न ज्ञानाचा असतो, कारण ठोका हे कार्य आहे आणि कारण आत दडलेले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी ‘शेषवत्’ या प्रकारात कार्यावरून कारणाकडे जायचे असते. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्यासाठी नदीचेच उदाहरण दिले आहे, की नदी तुडुंब व वेगाने वाहताना पाहून वर पाऊस झाला असावा असे समजते. पुढे दुसऱ्या अध्यायात सूत्रकार स्वतःच प्रतिपक्षाचा आक्षेप मांडतात: नदीचे पाणी बांध घातल्यानेही फुगते, मग असले अनुमान प्रमाण कसे मानावे? त्यावरील उत्तराचा आशय असा, की नुसते फुगलेले पाणी हा हेतू नव्हेच. गढूळपणा, ओढ, फेस आणि वाहून आलेला पाला-लाकूड यांसह जो पूर दिसतो, तोच पावसाचा गमक, म्हणजे निश्चय करून देणारी खूण होय. धरणाखाली राहणाऱ्या गोदाकाठच्या माणसाला हा वाद समजावून सांगावा लागत नाही, कारण वर पाऊस नसतानाही दरवाजे उघडल्यामुळे पाणी चढू शकते, हे त्याला ठाऊक असते.

ठोक्याच्या बाबतीत व्यभिचार, म्हणजे एकच खूण अनेक कारणांशी आढळणे, याहूनही अधिक आहे. तो आवाज चुकीच्या स्फोटाचा असू शकतो, झिजलेल्या सिलिंडरमध्ये आडव्या हलणाऱ्या पिस्टनचा असू शकतो, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेरिंगचा किंवा क्रँकच्या मुख्य बेरिंगचा असू शकतो. आणि कधी वरच्या फ्लायव्हीलचा नट सैल झाल्यानेही हुबेहूब तसाच आवाज येतो, ज्याचे औषध एक पाना एवढेच असते. म्हणून जाणता मिस्त्री इंजिन खोलण्याआधी खुणेला विशेषणे जोडत जातो. एका सिलिंडरच्या प्लगचे काम काही क्षण थांबवले आणि ठोका मंदावला, तर भार उतरलेल्या त्याच रॉडच्या टोकाकडे संशय जातो. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर पिस्टन वितळू लागल्याचे कळते. सर्व सिलिंडरांचा दाब मोजला आणि त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत निघाली, तर झीज किंवा ओरखडे आहेत असे ठरते. ठोका ऐकताच ‘नवीनच घ्या’ म्हणणारा आणि ‘काही होत नाही, चालवा’ म्हणणारा, हे दोघेही न्यायशास्त्राच्या दृष्टीने एकाच दोषाचे धनी आहेत, कारण दोघांनीही विशेषणरहित खुणेवरून निष्कर्ष काढलेला असतो.

कारण कळल्यानंतर दुसरा प्रश्न येतो तो वस्तूच्या एकत्वाचा. सिलिंडर पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन व रिंगा बसवल्या, क्रँक, रॉड, बेरिंगे आणि सीले बदलली, तर बांधून झालेले इंजिन तेच म्हणावे काय? ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाविषयी हाच प्रश्न नोंदवला आहे, आणि सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली, की काढलेल्या जुन्या फळ्या जोडून कोणी दुसरे जहाज उभे केले, तर मूळचे कोणते? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि भागांत राहणारे संपूर्ण, या परिभाषेत चर्चिला आहे.

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी हे अवयवांहून वेगळे, खरेखुरे द्रव्य आहे. म्हणूनच अवयवांचा संयोग तुटला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या किंवा बदललेल्या अवयवांतून नवा उत्पन्न होतो. वस्त्रातून एक धागा ओढला तरी जे उरते त्याला ते ‘खंडपट’ असे वेगळे द्रव्य मानतात. ‘हे तेच’ ही ओळख सारखेपणामुळे होते, एवढेच. बौद्धांची भूमिका उलट दिशेने जाते. राजा मिलिंद, म्हणजे यवन राजा मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचा एकेक भाग घेऊन ‘हा रथ काय?’ असे विचारले जाते व शेवटी रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहाराचे नाव ठरते. त्याच ग्रंथात रात्रभर तेवणाऱ्या दिव्याच्या उदाहरणाने सांगितले आहे, की पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत ही एकही नव्हे आणि अगदी भिन्नही नव्हे. मराठवाड्यात हा संवाद अपरिचित नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला याच मिलिंदाचे नाव आहे. जैन दर्शन दोहोंच्या मधून वाट काढते: उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार जे सत् आहे त्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, सरणे आणि टिकणे, ही तिन्ही एकाच वेळी असतात.

समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत याच सिद्धांतासाठी सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचे उदाहरण आहे: ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, मुकुट हवा होता तो आनंदतो आणि ज्याला सोनेच हवे होते त्याला काहीच फरक पडत नाही. जालन्याच्या भंगारबाजारात या तिन्ही वृत्ती एका काट्यापाशी उभ्या राहू शकतात. बोटीच्या इंजिनाचा मुख्य सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्याने तो पोलादाच्या भट्टीत जात नाही, वेगळ्या ढिगात पडतो; क्रँक, रॉड आणि बेरिंगे मात्र सळीच्या वाटेने जाऊ शकतात. भंगारवाल्याच्या लेखी ध्रौव्य किलोंत आहे, मिस्त्रीच्या लेखी ते बांधता येण्याजोग्या सांगाड्यात आहे आणि पुरात झाडावर अडकलेल्या माणसाच्या लेखी ते बोट येण्यात आहे. एकत्वाच्या वादातून एवढे निश्चित हाती येते, की ‘तेच इंजिन’ या शब्दांचा अर्थ ते कोणाला कशासाठी हवे आहे, याविना पुरा होत नाही. त्याच वादातून व्यवहाराचे दोन नियमही निघतात. पहिला नैयायिकांचा: साठा नोंदवहीत क्रमांक जुना असला तरी बांधलेले इंजिन नवे द्रव्य आहे, म्हणून जुन्याने कमावलेला विश्वास त्याला आपोआप मिळत नाही, तो चाचणीने पुन्हा मिळवावा लागतो. दुसरा बौद्धांचा: ते अगदी भिन्नही नाही, म्हणून एकदा अतोनात तापलेल्या सांगाड्यातील केसाएवढी चीर नव्या पिस्टनांसह पुढच्या जन्मात येते. यांपैकी एकच नियम धरणारा फसतो.

तरीही काय करावे, हे या वादातून ठरत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत येथे सहज आठवतो, पण तो देहाच्या नश्वरतेपुरता आहे. वस्त्र जीर्ण झाले हे कशावरून ओळखावे, हे तो सांगत नाही. ते काम जीर्णोद्धाराच्या विधीने केले आहे. अग्निपुराणात या विषयावर स्वतंत्र प्रकरण असून त्याच्या सांगण्याप्रमाणे अतिजीर्ण मूर्तीचा त्याग करावा. लाकडाची असेल तर ती अग्नीत, पाषाणाची असेल तर पाण्यात, धातूची किंवा रत्नाची असेल तर खोल पाण्यात किंवा समुद्रात सोडावी, आणि तिच्या जागी त्याच मापाची, त्याच द्रव्याची दुसरी बसवावी. विहीर, बारव आणि तलाव यांच्या जीर्णोद्धाराचे फळ तर मोठे सांगितले आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या धर्मसिंधूतही या विधीला जागा मिळाली आहे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार प्रथम मालोजी भोसल्यांनी आणि नंतर अहिल्याबाई होळकरांनी केला. दगड बदलले, कळस बदलला, पण ज्योतिर्लिंगाचे स्थान आणि पूजेची परंपरा चालू राहिली म्हणून भाविकाच्या मनात ते दुसरे देऊळ झाले नाही.

या विधीतील एक पायरी विशेष विचार करण्याजोगी आहे. जुन्या मूर्तीला हात लावण्याआधी तिच्यातील देवतेचे सान्निध्य मंत्रपूर्वक पाण्याच्या कलशात उतरवून घेतात, काम चालू असेतोवर त्या कलशाची किंवा तात्पुरत्या मूर्तीची पूजा होते आणि नवी प्रतिष्ठा झाली की सान्निध्य परत स्थापले जाते. याचा तात्त्विक अर्थ असा, की परंपरेने वस्तू आणि तिच्यावर सोपवलेले व्रत यांत भेद केला आहे. वस्तू जीर्ण होऊ शकते, मोडू शकते, बदलू शकते, पण व्रतात खंड पडता कामा नये, म्हणून आधी त्याची सोय लावायची आणि मगच हत्यार उचलायचे. बचावबोटीच्या इंजिनाचे व्रत म्हणजे पाणी चढल्यावर गावापर्यंत पोहोचणे. ते इंजिन श्रावणात खोलून ओट्यावर पसरून ठेवणे आणि त्या काळात दुसऱ्या बोटीची व्यवस्था नसणे, हे कलश न मांडताच मूर्ती उपटण्यासारखे आहे. पावसाळा जवळ आला असता, कारण कितीही किरकोळ वाटले तरी, पर्यायी इंजिन मिळवणे हे पहिले कर्तव्य आणि बांधकाम हे दुसरे. दसऱ्यानंतर नदी उतरली की हा क्रम सैल होतो आणि मिस्त्रीला हवा तेवढा वेळ देता येतो.

विधीतील बाकीच्या अटीही कामाला येतात. त्याच मापाचे व त्याच द्रव्याचे, ही अट स्वस्त नकली सुट्या भागांविरुद्ध उभी राहते. बाहेरून सारखी दिसणारी पण हलक्या धातूची बेरिंग ही नावापुरती प्रतिष्ठा होय. पुनःप्रतिष्ठेची अट चाचणीत उतरते: बांधलेले इंजिन पहिले काही तास हलक्या व बदलत्या भारावर, सांगितलेल्या प्रमाणात जादा तेल घालून, प्रत्यक्ष पाण्यात चालवावे लागते, आणि तोवर त्याच्यावर कोणाच्या जिवाचा भार टाकता येत नाही. आणि अतिजीर्णाच्या त्यागाची अट सांगते, की सांगाड्याला चीर गेली असेल, वाढवण्याची मापे संपली असतील किंवा त्या जातीचे भाग मिळेनासे झाले असतील, तर बांधत राहण्याचा हट्ट ही निष्ठा नव्हे. गणेशमूर्ती वाजतगाजत आणून त्याच भक्तीने मोती तलावात सोडणाऱ्या समाजाला हे परके वाटू नये. आवाहनाइतकेच विसर्जनही पूजेचे अंग आहे.

येथे असा आक्षेप घेता येईल, की यंत्र म्हणजे मूर्ती नव्हे आणि त्याला देवालयाचे नियम लावणे म्हणजे हिशेबावर भावनेचा मुलामा चढवणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. खंडेनवमीला इंजिनाला हार घालून हळदकुंकू वाहिले जाते म्हणून त्याच्यात देवता वसत नाही, आणि पूजा झाली म्हणून बेरिंग सुधारत नाही. परंतु जीर्णोद्धाराच्या विधीतून येथे घेतले आहे ते यंत्राचे देवत्व नव्हे, तर निर्णयाचा क्रम आहे. आणि हा क्रम मूर्तीपेक्षाही यंत्राला अधिक कठोरपणे लागू होतो, कारण पूजेत खंड पडला तर प्रायश्चित्त आहे, बोट न पोहोचल्याने गेलेल्या जिवाला ते नाही.

यातूनच खर्चाच्या वजाबाकीत न मावणारा शेवटचा मुद्दा समोर येतो. अंबड तालुक्यातील शेतकऱ्याच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन ठोकत असेल, तर तो पिकाची आणखी एक पाळी त्याच्यावर भागवू शकतो, कारण इंजिन बसले तर नुकसान त्याचे आणि निर्णयही त्याचाच. बचावबोटीत निर्णय गोदामात होतो आणि जोखीम नदीत बसलेल्या माणसाच्या वाट्याला येते, ज्याला कोणी विचारलेले नसते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादाने, म्हणजे असावधपणाने, झालेल्या प्राणहानीला हिंसा म्हटले आहे. मारण्याचा हेतू असलाच पाहिजे, अशी अट तेथे नाही. या लक्षणाने पाहिले तर ठोका ऐकूनही कारण न शोधणे, पर्यायी सोय न करता इंजिन खोलणे आणि चाचणी न घेता ते पुन्हा बोटीला लावणे, ही तिन्ही हिंसेच्या कक्षेत येतात, मग इंजिन जुने असो की कोरे.

म्हणून इंजिन बांधणे हे मुळातच सद्गुणाचे आणि नवे घेणे हे मुळातच उधळपट्टीचे, ही समजूत टिकत नाही. तिच्या उलटी समजूतही टिकत नाही. ठोक्याचे कारण विशेषणांसह निश्चित झाले, काम दुसऱ्या खांद्यावर सोपवले गेले, सांगाडा निर्दोष निघाला आणि अस्सल भाग मिळाले, तर बांधणे हाच योग्य निर्णय, कारण अशा स्थितीत चांगली वस्तू भंगारात घालणे हाही असावधपणाच. यांतील एखादी अटही अपुरी राहत असेल, तर कमी खर्चाचे कारण पुढे करून बांधणे म्हणजे वाचलेल्या पैशाचा भार अनोळखी माणसाच्या जिवावर टाकणे होय. जीर्ण वस्तूविषयीची खरी निष्ठा तिच्या लोखंडाशी नसून तिच्यावर सोपवलेल्या कामाशी असते, आणि त्या कामावर ज्यांचा जीव अवलंबून आहे त्यांना, ते हजर नसतानाही, निर्णयाच्या वेळी मोजणे हाच या प्रश्नातील धर्म होय.